पांढरी मुळी वाचवा: डाळिंब बागेतील सूत्रकृमींचा बंदोबस्त

ड्रिपरखाली ओल आहे, खतांचे वेळापत्रक पाळले आहे, तरी दुपारी झाड मलूल होते आणि सूर्य कलला की पुन्हा टवटवीत दिसते. पाने लहान आणि फिकट पिवळी राहतात, शेंडे थांबतात, फळाचे वजन भरत नाही. अशी झाडे बागभर सारखी पसरलेली नसतात. एका भागात आठ-दहा, पलीकडे पाच-सहा, असे त्यांचे पट्टे दिसतात. अशा वेळी बहुतेक शेतकरी सूक्ष्म अन्नद्रव्यांची फवारणी घेतात, पाणी वाढवतात आणि आणखी एखादे विद्राव्य खत सोडतात. दोन-तीन महिने असेच जातात. तोवर मुळांवर गाठींच्या माळा तयार झालेल्या असतात.

हे काम मुळावर गाठी करणाऱ्या सूत्रकृमींचे, म्हणजे शेतकरी ज्याला निमॅटोड म्हणतात त्याचे आहे. डाळिंबात प्रामुख्याने मेलॉइडोगायनी इन्कॉग्निटा ही जात आढळते. सोलापूर, नाशिक, सांगली, अहिल्यानगर या पट्ट्यातील हलकी, मुरमाड, निचऱ्याची जमीन डाळिंबाला मानवते, पण तशीच जमीन सूत्रकृमींनाही मानवते. त्यात ठिबकमुळे ड्रिपरखालचा गोल वर्षातला बराच काळ ओलसर असतो. झाडाची कोवळी मुळे त्याच गोलात असतात आणि शत्रूही तिथेच असतो. पुढचे सगळे उपाय त्या गोलावर करायचे आहेत. झाडाच्या बुंध्याजवळ किंवा दोन ओळींमधल्या कोरड्या पट्ट्यात केलेला खर्च वाया जातो.

आधी किडीचे चक्र समजून घ्या

अंड्यातून बाहेर पडणारी पिल्ले साधारण अर्धा मिलिमीटर लांबीची आणि केसाहून बारीक असतात. डोळ्यांना ती दिसत नाहीत. मातीच्या कणांभोवतीच्या पाण्याच्या पातळ थरातून सरकत ती मुळीच्या टोकाशी येतात. टोकामागचा कोवळा भाग त्यांना सोपा जातो, म्हणून पांढरी मुळी हेच त्यांचे दार आहे. तपकिरी, जून झालेल्या मुळीत शिरणे त्यांना जड जाते.

आत गेल्यावर पिल्लू अन्नवाहिन्यांजवळ एका जागी बसते आणि आजूबाजूच्या काही पेशींना फुगवून आपले अन्नाचे कोठार करते. भोवतीचे मूळ सुजते, तीच गाठ. आता झाडाने पानात तयार केलेले अन्न तिकडे ओढले जाते आणि वर जाणाऱ्या पाण्याची वाट तिथे मोडते. ओलीत उभे असूनही झाड दुपारी का सुकते, याचे कारण हे आहे. मादी नासपतीच्या आकाराची होते, जागची हलत नाही, आणि चिकट जेलीसारख्या पिशवीत २०० ते ५०० अंडी घालते. मातीचे तापमान २५ ते ३० अंश सेल्सिअस असेल तर अंड्यापासून अंड्यापर्यंतचे चक्र २५ ते ३० दिवसांत पूर्ण होते. थंडीत हेच चक्र लांबते.

जमीन कोरडी पडली की मोकळी पिल्ले मरतात, मात्र जेलीतली अंडी तग धरतात. म्हणून ताणाच्या काळात, म्हणजे बहार धरण्यासाठी पाणी तोडलेले असताना, सूत्रकृमी संपले असे समजू नका. ताण तोडून पहिले पाणी दिले की झाड नवी पांढरी मुळी काढते, आणि त्याच ओलीने अंडीही फुटतात. दोन्ही गोष्टी एकाच आठवड्यात घडतात. उपायांचे वेळापत्रक याच घटनेभोवती बांधायचे आहे.

मुळे उकरून पाहणे

जमीन वाफशावर, म्हणजे ओलसर पण चिखल नसलेली, असताना कुदळ नको, खुरपे घ्या. ड्रिपरपासून १० ते १५ सेंटीमीटर अंतरावर हळूहळू उकरत एक वीतभर खोल जा. सुतळीएवढी किंवा त्याहून बारीक मुळे माती न झटकता अलगद उचला आणि बादलीतल्या पाण्यात पाच मिनिटे ठेवा. झटकली की गाठी असलेली नाजूक मुळेच तुटून मातीत राहतात आणि हातात निरोगी दिसणारी जाड मुळे येतात. निदान चुकण्याचे हे सर्वांत सामान्य कारण आहे.

टोमॅटो किंवा काकडीच्या मुळांवर मोठ्या, बटाट्यासारख्या गाठी दिसतात. डाळिंबावर त्या लहान असतात, दोऱ्यात ओवलेल्या मण्यांसारख्या. एक गाठ टाचणीने किंवा ब्लेडने उभी चिरा आणि १० पट भिंगाखाली धरा. आत खसखशीच्या दाण्याएवढा, मोत्यासारखा चमकणारा पांढरा ठिपका दिसतो. ती मादी. गाठीच्या बाहेरच्या बाजूला तपकिरी जेलीचा बारीक थेंब चिकटलेला असतो. ती अंड्यांची पिशवी. हे दोन्ही दिसले तर शंका उरत नाही.

बागेत चवळी, मूग किंवा ताग असेल तर त्यांच्या नत्राच्या गाठींशी गल्लत करू नका. नत्राची गाठ मुळाच्या कडेला चिकटलेली असते, बोटाने ढकलली की निघते आणि आतून गुलाबी असते. सूत्रकृमीची गाठ म्हणजे मूळच फुगलेले असते, ती काढायला गेलात तर मूळ तुटते.

दुसरी गल्लत मर रोगाशी होते. झाडाची एक फांदी किंवा अख्खे झाड पिवळे पडून वाळत असेल तर खोडाचा किंवा जाड मुळाचा आडवा काप घ्या. लाकडात करडे-तपकिरी, ताऱ्यासारखे पसरलेले डाग असतील तर सेराटोसिस्टिस बुरशीची मर आहे. अशा झाडाच्या बारीक मुळांवर गाठीही असतात का, ते नक्की पाहा. सूत्रकृमींनी केलेल्या जखमांतून बुरशीला आत शिरणे सोपे जाते. त्यामुळे मर रोगावर वारंवार आळवणी करूनही (मुळाशी औषधाचे पाणी ओतूनही) झाडे जात असतील तर खालचे कारण तपासलेच पाहिजे.

नमुना कसा घ्यायचा

प्रयोगशाळेचा अहवाल नमुन्याइतकाच खरा असतो. एकरभर बागेत आजारी पट्ट्यातली चार-पाच, पट्ट्याच्या कडेची दोन-तीन आणि चांगली दिसणारी दोन झाडे निवडा. पूर्ण वाळलेले झाड टाळा, कारण मुळे मेली की सूत्रकृमी तिथून निघून गेलेले असतात. प्रत्येक झाडाच्या दोन ड्रिपरजवळ वरची दोन-तीन सेंटीमीटर माती बाजूला सारून १५ ते २० सेंटीमीटर खोलीपर्यंतची माती घ्या. आजारी आणि चांगल्या झाडांचे नमुने वेगळे ठेवा. प्रत्येक गटाची माती हलक्या हाताने मिसळून त्यातली अर्धा किलो माती आणि १० ते २० ग्रॅम बारीक मुळे प्लॅस्टिकच्या पिशवीत भरा. गाव, गट क्रमांक, पीक, झाडांचे वय, तारीख आणि आधीचे पीक लिहिलेली चिठ्ठी पिशवीच्या आत वेगळ्या छोट्या पिशवीत घाला.

माती परीक्षणाला देतो तशी ही माती वाळवायची नाही, चाळायची नाही. इथे जिवंत प्राणी मोजायचे आहेत. पिशवी सावलीत ठेवा, गाडीच्या डिकीत किंवा उन्हात ठेवू नका, आणि दोन-तीन दिवसांत पोहोचवा. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात सूत्रकृमींवर काम करणारे केंद्र आहे, सोलापूरजवळ केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे. जवळच्या कृषी विज्ञान केंद्रातही आधी चौकशी करा.

नवीन लागवडीची जमीन किंवा रोपवाटिकेची माती घरीच तपासता येते. वेगवेगळ्या जागांची माती घेऊन किलोभराच्या पाच कुंड्या भरा. सहावी कुंडी त्याच मातीची, पण ती माती तासभर वाफवून थंड केलेली. प्रत्येकीत काकडीच्या तीन-चार बिया टाका. टोमॅटो घेणार असाल तर सूत्रकृमी-प्रतिकारक संकरित वाण नको, साधे गावरान बी घ्या. ओल कायम ठेवा, पाणी साचू देऊ नका. ३० दिवसांनी कुंडी बादलीत उलटी करून मुळे धुवा आणि गाठी मोजा. वाफवलेल्या कुंडीतल्या मुळांशी तुलना केली की नवख्यालाही फरक कळतो. हे थंडीत करायचे असेल तर ४५ दिवस थांबा, नाहीतर स्वच्छ नसलेली जमीन स्वच्छ वाटेल.

शिरकावच होऊ देऊ नका

सूत्रकृमी स्वतःहून वर्षभरात जेमतेम मीटरभर सरकतो. मग नव्या माळरानावरच्या बागेत तो दुसऱ्याच वर्षी कसा दिसतो? बहुतेक वेळा रोपाच्या पिशवीतून. गुटी कलम असो वा ऊतिसंवर्धित रोप, प्रयोगशाळेतून स्वच्छ निघालेले रोपही शेवटी मातीच्या पिशवीत वाढवले जाते, आणि ती माती कुठून आली यावर सगळे अवलंबून असते.

रोपे घेताना रोपवाटिकेत १०० रोपांमागे चार-पाच पिशव्या वेगवेगळ्या कोपऱ्यांतून उचलून फाडून, धुऊन पाहा. एकाही मुळावर गाठ दिसली तर तो लॉट सोडा. फाडलेल्या रोपांचे पैसे द्यायची तयारी ठेवा. ३०० झाडांच्या बागेपुढे पाच रोपांचे मोल काहीच नाही. 'लावताना औषधात बुडवून लावा, काही होत नाही' या आश्वासनावर विसंबू नका, कारण गाठीच्या आत बसलेल्या मादीला बुडवण्याने काही होत नाही.

जमीन निवडताना मागची पिके विचारा. टोमॅटो, वांगी, मिरची, भेंडी, काकडीवर्गीय वेल, पपई, केळी, निशिगंध, पानमळा यांत सूत्रकृमी भरपूर वाढतात. अशा जमिनीत उन्हाळ्यात १०-१५ दिवसांच्या अंतराने दोन-तीन खोल नांगरण्या करा आणि प्रत्येक वेळी वर आलेली जुनी मुळे वेचून जाळा. डाळिंबाच्या पहिल्या दोन वर्षांत मोकळ्या जागेत आंतरपीक घेण्याचा मोह होतो. घ्यायचेच असेल तर कांदा किंवा लसूण पाहा. वरच्या यादीतले काहीही नको, चवळीही नको.

खड्डे ६० सेंटीमीटर लांब, रुंद आणि खोल घेऊन मे महिन्यात उघडे तापू द्या. भरण्याची माती आणि रोपवाटिकेचे वाफे मात्र प्लॅस्टिकने तापवणे जास्त चांगले. माती भिजवून वाफशावर आणा, २५ मायक्रॉन जाडीचा पारदर्शक कागद अंथरा, कडा मातीत गाडून हवाबंद करा आणि चार ते सहा आठवडे हलवू नका. काळा कागद घालू नका, त्याखाली माती तेवढी तापत नाही. कोरड्या मातीत उष्णता खोल जात नाही, म्हणून आधी भिजवणे चुकवू नका. फाटलेल्या जागेतून वाफ निघून गेली तर तेवढा भाग कच्चा राहतो, म्हणून भोक पडले की लगेच चिकटपट्टी लावा.

उभ्या बागेतले काम: आंबे बहाराचे उदाहरण

आंबे बहार म्हणजे जानेवारीत पाणी देऊन धरलेला बहार. त्याची फळतोडणी संपून झाड विश्रांतीत गेले की काम सुरू होते. ऑगस्टमध्ये आफ्रिकन किंवा फ्रेंच झेंडूची २५ दिवसांची रोपे ड्रिपरच्या ओल्या गोलात, एकमेकांपासून ३० सेंटीमीटरवर लावा. झेंडूच्या जिवंत मुळांतल्या द्रव्यांनी सूत्रकृमी मरतात. बांधावर चार झाडे लावून हा परिणाम मिळत नाही, कारण मुळांनी तो गोल भरून टाकावा लागतो आणि त्याला किमान दोन महिने, शक्यतो तीन महिने लागतात. फुले दसऱ्या-दिवाळीला विकली जातात, हा वरचा लाभ. दिवाळीनंतर झाडे जमिनीलगत कापा आणि मुळे तिथेच कुजू द्या. झेंडूवर फुलकिडे आणि कोळी येतात, त्यामुळे डाळिंबाच्या कळी-सेटिंगच्या काळात तो बागेत ठेवू नका.

झेंडू उभा असतानाच दुसऱ्या बाजूला खत तयार करायला घ्या. त्यासाठी एक टन पूर्ण कुजलेले शेणखत, ५० ते १०० किलो निंबोळी पेंड, आणि पर्प्युरिओसिलियम लिलॅसिनम व ट्रायकोडर्मा हार्जियानम प्रत्येकी दोन किलो लागते. पहिल्या बुरशीचे जुने नाव पॅसिलोमायसिस असल्याने दुकानात त्या नावानेही मिळते. ती अंड्यांवर वाढते. शेडखाली फूटभर उंचीचा ढीग करा, थर देत मिसळा आणि पाणी शिंपडा. मूठ दाबली की लाडू व्हावा, पण बोटांतून पाणी गळू नये. ओल्या गोणपाटाने झाका, दर चार-पाच दिवसांनी उलथापालथ करा, १५ दिवस ठेवा. ढिगात हात घातल्यावर चटका बसत असेल तर शेणखत कच्चे आहे, आणि त्या उष्णतेत मिसळलेली बुरशी मरते. आधी शेणखत कुजवा, मगच जैविक घटक मिसळा. पाकिटावरची उत्पादनाची तारीख पाहून घ्या, कारण उन्हात ठेवलेल्या किंवा मुदत संपलेल्या भुकटीत जिवंत बीजाणू फारसे उरत नाहीत.

४.५ बाय ३ मीटरवर एकरी सुमारे ३०० झाडे बसतात. झाडाला १० किलो धरले तर एकराला असे तीन टन खत लागते. ड्रिपरखाली १० सेंटीमीटर खोल चर घेऊन त्यात पसरा, मातीने झाका, लगेच हलके पाणी द्या. हे खत ताण सुरू करायच्या आधी, ऑक्टोबरअखेर किंवा दिवाळीनंतर, एकदा द्या आणि ताण तोडल्यावर पुन्हा एकदा द्या. ताणाच्या ऐन कोरडीत टाकलेली बुरशी वाया जाते.

जानेवारीत पानगळ करून पहिले पाणी दिले की मुळी कधी चालते, हे अंदाजाने ठरवू नका. चौथ्या-पाचव्या दिवसापासून दोन-तीन झाडांजवळ खुरप्याने उकरून पाहत जा. पांढरी टोके दिसू लागली की गाठींचा प्रादुर्भाव जास्त असलेल्या बागेत रासायनिक सूत्रकृमीनाशक देण्याची हीच वेळ आहे. माती अजून थंड असल्याने सूत्रकृमींची वाढ सावकाश चाललेली असते आणि मार्चमध्ये जमीन तापेपर्यंत नव्या मुळांना मोकळीक मिळते. शिवाय फळतोडणी पाच-सहा महिने लांब असल्याने अवशेषांचा धोकाही कमी. फळ लिंबाएवढे झाल्यावर, पिवळेपणा पाहून दिलेले औषध उशिरा पोहोचते आणि निर्यातीच्या मालात अडचण करू शकते.

बाजारात फ्लुएन्सल्फोन २ टक्के दाणेदार आणि फ्लुओपायरम ३४.४८ टक्के द्रवरूप ही दोन नवी औषधे आहेत. कोणत्या पिकासाठी कोणती नोंद आहे, हे लेबलवर आणि चालू वर्षाच्या डाळिंब संशोधन केंद्राच्या सल्ल्यात पाहूनच घ्या. मात्रा लेबलप्रमाणे ठेवा. देण्याची पद्धत मात्र निम्मे यश ठरवते. आदल्या दिवशी पाणी देऊन गोल ओला करा. दाणेदार औषध असेल तर झाडाला असलेले ड्रिपर मोजा, झाडाची मात्रा तेवढ्या भागांत वाटा, प्रत्येक ड्रिपरखाली पाच-सात सेंटीमीटर खोल टाकून मातीने झाका आणि अर्धा-एक तास ठिबक चालवा. द्रवरूप औषध मातीच्या कणांना धरून बसते आणि सावकाश खाली जाते, म्हणून कमी पाण्यात घट्ट द्रावण ओतू नका. मात्रा तीच ठेवून झाडामागे पाणी वाढवा. त्यानंतर दोन दिवस जास्त पाणी देऊन ते मुळांच्या खाली धुऊन काढू नका. हातमोजे, बूट वापरा. बंद ड्रिपरखाली औषध टाकले तर ते तिथेच कोरडे पडून राहते, त्यामुळे आधी लॅटरल, म्हणजे ठिबकच्या नळ्या, धुऊन घेणे आलेच.

फोरेटचा वापर देशात ३१ डिसेंबर २०२० पासून बंद आहे. कार्बोफ्युरॉनचे ३ टक्के दाणेदार सोडून बाकी प्रकार २०२३ मध्ये बंद झाले. जुन्या सवयीने ही नावे अजूनही सुचवली जातात. ती ऐकू नका.

रसायन आणि जैविक एका दिवशी देऊ नका. मर रोगासाठी बुरशीनाशकाची आळवणी केली असेल तर उपयोगी बुरशीही मरते. मध्ये किमान १५ ते २० दिवस जाऊ द्या. हे अंतर न पाळल्यामुळेच 'जैविक वापरले, फरक पडला नाही' असे अनुभव ऐकू येतात, असे आमचे मत आहे. एकच रासायनिक औषध सलग प्रत्येक बहारात वापरणेही टाळा.

गेलेल्या झाडाच्या जागी

वाळलेले झाड ओढत बागेतून नेऊ नका. मुळांसह खणून ताडपत्रीवर ठेवा आणि बागेबाहेर जाळा. बोटाएवढी मुळेसुद्धा मातीत राहिली तर गाठींतली अंडी मागे राहतात. त्याच खड्ड्यात लगेच नवीन रोप लावले की दोन वर्षांत त्याचीही तीच अवस्था होते. खड्डा मोकळा करून मे महिन्यात तापवा, माती बाहेरून स्वच्छ आणा, दोन किलो निंबोळी पेंड आणि वर सांगितलेले खत मिसळून भरा. शक्य असेल तर एक हंगाम त्या जागी फक्त झेंडू घ्या.

कामाचा क्रम पाळा. आंतरमशागत, छाटणी, चर खणणे हे आधी चांगल्या भागात, शेवटी आजारी पट्ट्यात. अवजारे आणि ट्रॅक्टरची चाके बाहेर पडताना धुवा, आणि धुण्याचे पाणी परत बागेत जाऊ देऊ नका.

भाजीपाल्यात आणि शेडनेटमध्ये

टोमॅटोत प्रतिकारक वाण उपलब्ध आहेत. मात्र मातीचे तापमान २८ अंशांच्या वर गेले की त्यांच्यातला प्रतिकार ढिला पडतो, त्यामुळे उन्हाळी लागवडीत त्यांच्यावर पूर्ण भिस्त ठेवू नका. शेडनेटमध्ये ढोबळी मिरची, काकडी, जरबेरा एकामागून एक घेतले जातात. तिथे दरवर्षी मे महिन्यात बेड मोकळे करून मुळे वेचणे आणि पारदर्शक कागदाने तापवणे, एवढे काम चुकवू नका. दोन पिकांमध्ये महिनाभर बेड रिकामा ठेवायला मन धजत नाही, पण गाठी एकदा भरल्या की पुढचे पीक निम्म्यावर येते.

नोंद

बागेत चार झाडांना रंग लावून ठेवा, दोन आजारी भागातली, दोन चांगल्या भागातली. दरवर्षी मार्चअखेर त्याच झाडांच्या त्याच बाजूचे ड्रिपर उकरा आणि साधारण १० ग्रॅम बारीक मुळांवरच्या गाठी मोजून वहीत तारखेसह लिहा. पहिल्या वर्षी आकडा फारसा उतरत नाही, कारण जुन्या मुळांतल्या गाठी तशाच असतात. नव्या पांढऱ्या मुळांवरच्या गाठी वेगळ्या मोजा, आणि पुढच्या जानेवारीत औषध घ्यायचे की जैविकांवरच चालवायचे, ते त्या आकड्यावरून ठरवा.